एका गोळीचा जिम्मा

बोरी, ता. जिंतूर
सोमवार, २४ मार्च २०२५

ईनबाई बायनाबाईंना बोरीहून गौराबाईचा शरणार्थ पोचावा.

आमी समदे खुशाल हाव. तुमची नात तर लयच खुशाल हाय, अन् तेच सांगायला हे पत्र. फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई, अन् मोबाईलवरची बारकी अक्षरं माझ्या बोटाखाली चेंगरत्यात, म्हणून नातीच्या वहीचं पान फाडलं. मी शाळेत दुसरीपर्यंतच गेलेली. काना-मात्रा चुकला तर तुमी नीट करून वाचा. दुधाच्या टेम्पोवाल्या धम्मपालपाशी देते. तो रोज जिंतुरावरून चारठाण्याला जातो, तुमच्या दारात नेऊन देईन म्हणलाय.

तर आपली त्रिवेणी. दहा वर्षांची झाली, पण एका जागी बूड टेकवून बसलेली तिला कुणी बघितली न्हाई. शाळेत बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळी, अन् ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं. ह्या वर्षात चार दप्तरं हरवली. रस्त्यात इकडं तिकडं न बघता सरळ पळत सुटायची. दोनदा मोटारसायकलीखाली येता येता वाचली. तुमच्या लेकीनं, भक्तीनं मारून बघितलं, मी नजर काढून बघितली. शेवटी वर्गाच्या बाईंनीच भक्तीला बसवून सांगितलं, पोरगी वांड न्हाई, तिचं चित्त ठरत न्हाई, ह्याला इलाज असतो, परभणीला दाखवा.

गेलो परभणीला. लेकरांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई हायत, वयानं आपल्या भक्तीएवढ्याच असतील. मला वाटलं दहा मिनिटांत चिठ्ठी लिहून देतील. दीड तास बसवलं ईनबाई. वजन केलं, चोवीस किलो. उंची मोजली. नाडी, बीपी बघितलं. घरात कुणाला काळजाचा आजार होता का, तेबी खोदून विचारलं. तुमच्या आमच्या दोन्ही घरातलं मी समदं सांगितलं, तुमच्या मालकांच्या दम्यासकट. मग म्हणल्या, सगळ्यात लहान नंबरची गोळी देते, सकाळी न्याहारीनंतर एक. पुढं बघत बघत जाऊ, वाढवायची गरज पडली तरच वाढवू.

भक्ती घाबरली होती. मी म्हणलं, अगं घाबरायचं काय त्यात, ही तर गुटीच झाली. बाळ महिन्याचं असलं की हिरड्याचा सहाणेवर एक वेढा, तीन महिन्यांचं झालं की दोन. अन् जायफळ अर्ध्या वेढ्यावर गेलं की लेकरू दिवसभर डोळा उघडत न्हाई. बेतानं सुरू करायचं अन् लेकराकडं बघत राहायचं. हे तुमच्याएवढं कुणाला ठाऊक हाय? अख्ख्या गल्लीची बाळं तुमच्या हातच्या गुटीवर वाढली. डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं तवा त्या हसल्या, म्हणल्या, आजी तुमाला डोस कळतो.

चार दिवस झाले गोळी सुरू होऊन. गोळी देताना घरात रोज जत्रा भरती, तिला गिळताच येत न्हाई. केळात घालून, गोष्ट सांगून कशीबशी जाती. पण काल पोरगी माझ्यापाशी अर्धा तास बसली अन् मटकी निवडली. तिनं निवडलेल्यात एक खडा निघाला न्हाई. मी रडले, खोटं कशाला बोलू.

आता म्हशीचं सांगते. आमची मोठी म्हैस गेल्या सोमवारी व्याली. पहिल्या दोन टायमाला रेडेच झाले होते, औंदा पारडी झाली. कपाळावर पांढरा चांदवा हाय. वार पडायला उशीर लागला म्हणून डॉक्टर बोलावला, तो सेलूला लग्नाला गेलेला. मग शेजारच्या दिनकररावांनी बाजरी शिजवून गुळासंगं चारायला सांगितली. आता चार शेर दूध देती. चीक तुमच्याकडं धाडणार होते, पण नासतो म्हणून आमीच खरवस करून खाल्ला. त्रिवेणीनं तीन वाट्या हाणला.

पान संपलं. तब्येतीला जपा.

तुमची,
गौराबाई


चारठाणा
बुधवार, २ एप्रिल

गौराबाई ईनबाईंना शरणार्थ.

पत्र मिळालं. पारडी झाली, बरं झालं.

खरं सांगते, पहिलं पान वाचलं तवा रागच आला. दहा वर्षाच्या लेकराला डोक्याची गोळी. भक्ती लहानपणी कशी होती तुमाला काय ठाऊक. देवळाच्या खांबावर चढून बसायची, उतरवायला बाप्ये लागायचे. तिला कुणी गोळी दिली न्हाई. पण मग हेबी आठवलं की तिला रोज मार बसायचा, अन् मारणारी मीच होते. सहावीला शाळा सुटली तिची. मग दुसरं पान वाचलं.

तुमी गुटीचं लिहिलं ते पटलं. वेढा मोजून द्यायचा, हे मला कुणी शिकवायला नको.

पोरीला मे महिन्यात माझ्याकडं धाडा. गोळी मी देईन. केळं न् गोष्टी कशाला, माझ्या हातून लेकरं बिनबोभाट घेत्यात.

बायनाबाई


बोरी
रविवार, ४ मे

ईनबाईंना शरणार्थ.

रुद्रेशच्या गाडीवर त्रिवेणीला धाडलीय, संगं हे पत्र. बाप असून रुद्रेशला गोळीचं काय विचारू नका, त्याला फक्त गाडी चालवता येती.

पिशवीत लाल डबीत गोळ्यांच्या पट्ट्या हायत. डबी उंचावर ठेवा, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. सकाळी भाकरी खाल्ल्यावर एक. एखाद्या दिवशी राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या न्हाईत. सोमवारी तुमचा उपास असला तरी तिला न्याहारी द्या, कारण गोळीनं तिची भूक जरा कमी होती. महिन्याला वजन करून परभणीला सांगावं लागतं. गेल्या महिन्यात पावणे चोवीस भरली. डॉक्टरीणबाई म्हणल्या चालंल, पण नजर ठेवा. गोळी तीच ठेवली, वाढवली न्हाई. २९ तारखेला पुन्हा बोलावलंय, तवा तुमच्याकडूनच तिला नेऊ.

अन् आता खरी गोष्ट. वार्षिक परीक्षेत पोरीनं गणिताचा पेपर शेवटपर्यंत सोडवला. मार्काचं म्हणत न्हाई मी, मार्क बरेच हायत. पण शेवटचं गणित सोडवून मग ती उठली, हे तिच्या बाईंनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं. मी लगेच दुकानातून पावशेर पेढे घेतले अन् त्यातला एक बाईंच्या तोंडात घातला. तिथंच, भर रस्त्यात. भक्ती म्हणती सासूबाई, तुमाला लाज न्हाई. न्हाईच.

गौराबाई


चारठाणा
रविवार, १८ मे

गौराबाईंना शरणार्थ.

पोरगी मजेत हाय. गोळीची फिकीर करू नका. तुमच्याकडं जत्रा भरत होती म्हणता, इथं हूं का चूं न करता चाटती. दोन पट्ट्यांतल्या तेरा गोळ्या कालवर गेल्या, मोजून बघा तारखेला. आज सकाळचीसुद्धा धरून चौदा.

सकाळी लय बोलती. इतकी बोलती की शेजारच्या बाया माझ्याकडं बघून हसत्यात, म्हणत्यात बरं हाय तुमाला ऐकू येत न्हाई. दुपारच्या जेवणाला मात्र हात लावत न्हाई. दोन-अडीचला रडायला लागती. कशापायी ते सांगत न्हाई. मग संध्याकाळी दांडगी भूक लागती अन् दोन भाकरी खाती.

आईची आठवण येत असंल.

बायनाबाई


बोरी
बुधवार, २१ मे

ईनबाईंना लय लय शरणार्थ.

तुमी हात लावला की लेकरं गुणाची होत्यात हे मी आधीपासून म्हणते. इथं आमी केळाचे घड संपवले.

दुपारच्या रडण्याचं मी भक्तीला वाचून दाखवलं. तिचंबी मामाच्या फोनवर पोरीशी बोलणं झालं, तवाबी पोरगी रडतच होती. मी म्हणलं आंब्याचा रस जास्त झाला असंल. रसानं पोट भरतं, मग जेवण जात न्हाई अन् लेकरू चिडतं. पण भक्तीचं म्हणणं दुसरं हाय. ती म्हणती, सकाळी गोळी लागू पडती अन् दुपारी उतरती, म्हणजे डोस कमी पडायलाय. २९ तारखेला डॉक्टरांना सांगून पुढच्या नंबरची घेऊ. मला पटलं. गुटीचाबी वेढा आपण वाढवतोच की.

इकडं पारडी आता उड्या मारायलीय. तिचं नाव त्रिवेणीनंच ठेवायचं म्हणून थांबलोय.

गौराबाई


चारठाणा
शनिवार, २४ मे

गौराबाईंना शरणार्थ.

गोळीचा नंबर वाढवू नका.

कारण मला सांगता येत न्हाई. सकाळी वेणी घालताना पोरीच्या छातीला माझा हात लागला. काळीज लय पळायलंय. मला कानानं कळत न्हाई, पण हाताला कळतं. तासाभरानं पुन्हा हात लावला, तसंच.

भक्तीला एवढंच सांगा की आईनं नको म्हणलं.

बायनाबाई


बोरी
सोमवार, २६ मे, सकाळ

ईनबाई,

शरणार्थ घ्या. आज म्हशीचं काय लिहीत न्हाई.

तुमचं शनिवारचं पत्र काल हातात पडलं. तुमची समदी पत्रं काढली अन् बोट फिरवत पुन्हा वाचली. अठरा तारखेच्या पत्रात तुमी लिहिलंय, हूं का चूं न करता चाटती. मी ते आधी वाचलं होतं अन् खूश होऊन पुढं गेले होते. गोळी गिळत्यात, ईनबाई. चाटत्यात ती गुटी.

तुमी गोळी सहाणेवर घासून मधातून देताव. हो ना?

आज उजाडल्या उजाडल्या मी कुणाला न विचारता चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन लावला. डॉक्टरीणबाईंना समदं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, पोरीला चक्कर आली का, छातीत दुखतं म्हणाली का, बेशुद्ध झाली का. मी तुमच्या लेकाच्या फोनवर विचारून घेतलं, तसलं काय न्हाई. त्या म्हणल्या, आज गोळी देऊन झाली असंल तर ठीक, उद्यापासून परभणीला येईपर्यंत गोळी बंद, ह्या गोळीचे दोन दिवस गेल्यानं काय बिघडत न्हाई. पण दर गोळीचं असं नसतं, काही एकदम बंद केल्या तर त्रास होतो, म्हणून मला विचारलंत ते बरं केलंत. अन् छातीत दुखलं, चक्कर आली तर तारखेची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात न्या. हे तुमच्या लेकाला सांगितलंय. कारण सांगितलं न्हाई. ते तुमचं तुमी ठरवा.

आता ऐका काय झालंय ते. ही गोळी ठिबकच्या नळीसारखी हाय. पोटात गेल्यावर संध्याकाळपर्यंत थेंब थेंब औषध सोडती. तुमी ती घासली म्हणजे नळीच कापली. दिवसभराचं पाणी सकाळीच एका दमात, म्हणून तोंड थांबत न्हाई, भूक लागत न्हाई, काळीज पळतं. अन् दुपारी नळी कोरडी, म्हणून रडती. गोळी कमी पडत नव्हती. आमी मात्र मोठ्या नंबरची आणायला निघालो होतो, अन् तीबी तुमी सहाणेवर घासली असती. चोवीस किलोचं लेकरू हाय ते.

आणि आता माझं लिहिते. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अख्खी गिळायची, तोडायची न्हाई, चावायची न्हाई, कुटायची न्हाई. मी माझ्या कानानं ऐकलं. त्यानंतर चार दिवसांनी तुमाला पत्र लिहिलं. म्हशीला पाऊण पान दिलं अन् हे एक वाक्य राहिलं. वर शहाणपणानं गुटीचा दाखला दिला. गलती पहिली माझी.

धम्मपाल थांबलाय. वाचल्या वाचल्या उत्तर द्या.

गौराबाई


चारठाणा
मंगळवार, २७ मे

गौराबाई,

होय. घासली. बावीस दिवस.

पहिल्या दिवशी गोळी तिच्या घशात अडकली. पोरगी लाल झाली, ओकली, मग तिनं तोंडच मिटून घेतलं. मी बिनबोभाट देईन म्हणून तुमाला लिहून बसलेली. सहाण घेतली, पुरी गोळी उतरवली, एक कण वाया जाऊ दिला न्हाई. मधात कालवली. तिनं चाटली अन् हसली. मला वाटलं जिंकले.

इतक्या लेकरांना माझ्या हातची गुटी गेली, एकाला बाधली न्हाई. म्हणून हाताचा गर्व होता.

तुमी गलती वाटून घ्यायलात, घेऊ नका. दाखला तुमी दिलात, सहाण मी मांडली. अन् शनिवारी जे लिहिलं ते अर्धंच लिहिलं. काळीज पळतंय हे मला त्याच्या आधी चार दिवस कळलं होतं. न्हाई कळल्यासारखं केलं. कुणाला सांगितलं असतं तर विचारलं असतं, गोळी कशी देताव.

२९ ला मी स्वतः परभणीला येते, पोरीला घेऊन. भक्तीला अन् डॉक्टरांना माझ्या तोंडानं सांगते. भक्ती पुन्हा पोरीला माझ्याकडं धाडणार न्हाई, हे मला ठाऊक हाय. तिच्या जागी मी असते तर मीबी धाडली नसती.

आज गोळी दिली न्हाई. पोरगी दुपारी जेवली, अर्धी भाकरी. पण सकाळपासून घरात नुसतं वादळ हाय, दोन कप फोडले.

बायनाबाई


बोरी
शनिवार, ३१ मे

ईनबाईंना शरणार्थ.

तुमाला दवाखान्यात जेवढं ऐकू आलं न्हाई तेवढं लिहून धाडते. तुमचा हक्क हाय त्याच्यावर. गोड तेवढंच लिहिणार न्हाई.

तुमी उभ्या राहून सांगितलं, मी बावीस दिवस गोळी घासून दिली, तवा भक्तीचा चेहरा तुमी बघितलाच. मग डॉक्टरीणबाईंनी तुमाला अन् त्रिवेणीला तपासायच्या खोलीत नेलं, नाडी, बीपी बघायला अन् काळजाची ईसीजीची पट्टी काढायला. तितक्यात बाहेर भक्ती मला म्हणाली, आता सुट्टीत चारठाणा बंद, आईच्या हाताखाली मीबी मार खाल्ला अन् आता माझी लेक. मी म्हणलं, भक्ती, गुटीचा दाखला तुझ्या सासूनं दिलाय, मलाबी वाळीत टाक. ती माझ्यावरबी कावली.

मग आत बोलावलं. पट्टी चांगली आली, नाडी नीट. वजन तेवीसवर आलंय, ते भरून काढायचंय. डॉक्टरीणबाई भक्तीला म्हणाल्या ते शब्दाला शब्द लिहिते, कारण मी बसमध्ये तेच घोकत आले:

"तुमच्या आईंनी छाती धडधडते हे कळवलं नसतं आणि आज खरं सांगितलं नसतं, तर मी डोस वाढवला असता. दुपारी रडते, जेवत नाही, एवढंच मला कळलं असतं. डोस माझ्या चिठ्ठीवर ठरत नाही, घरात काय घडतं ते मला खरं कळलं तरच ठरतो. आणि गोळी कशी द्यायची ते मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला हवं होतं. ते आजपासून देईन."

नंबर तोच ठेवला. त्रिवेणीला विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, चाटण गोड होतं पण पोटात फुलपाखरं फिरायची. हे आपल्याला तिनं कधी सांगितलं न्हाई, कारण आपण तिला कधी विचारलं न्हाई. घशातून सहज उतरणारी दुसरी गोळीबी मिळती म्हणल्या, पण आधी गिळायला शिकवून बघा, लहान दाण्यापासून. तुमाला त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं ते हेच.

शेवटी त्या म्हणल्या, पुढच्या तारखेपर्यंत गोळ्यांचा जिम्मा एकाच माणसाकडं असू द्या, कोण घेतंय? मी हात वर करणार होते. भक्तीनं गोळ्यांची डबी उचलली अन् म्हणाली:

"आईकडं राहू द्या. सगळ्यांच्या समोर उभं राहून जिनं स्वतःची चूक सांगितली, ती आता गोळीला दहा वेळा बघेल. माझा तर अजून सकाळी घाईत विसर पडतो."

तुमाला एवढंच दिसलं की तिनं तुमच्या पिशवीत डबी कोंबली अन् तोंड फिरवलं. तोंड कशापायी फिरवलं ते मला दिसलं, तुमाला दिसलं न्हाई. शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस हायत. तोवर पोरगी तुमच्याकडंच.

मी आता पत्राच्या पहिल्या ओळीत कामाचं लिहीत जाईन. बाकी मागून.

गौराबाई


चारठाणा
शुक्रवार, ६ जून

गौराबाई ईनबाईंना शरणार्थ.

कामाचं आधी. काल अन् आज गोळी अख्खी गिळली. त्याच्या आधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाच-सहा दिवस गोळी बंदच ठेवून नुसतं शिकणं चाललं. पहिल्या दिवशी भिजवलेल्या साबुदाण्याचा एक दाणा. ताठ बसायचं, दाणा जिभेच्या मागं ठेवायचा, पाण्याचा घोट घ्यायचा. दाणा उतरला की तिनं मलाबी शिकायला लावलं, म्हणजे मीबी तिच्यासमोर गिळायचा. मग मुरमुऱ्याचा दाणा, मग गोळीएवढा भाकरीचा गोळा. मला दोनदा ठसका लागला, तिला एकदाबी न्हाई. ती म्हणाली असंल काहीतरी, कारण लय हसली.

गोळी मी देते तवा ती जीभ बाहेर काढून दाखवती, खाली काय न्हाई. मग मी डॉक्टरांच्या कागदावर त्या दिवसापुढं रेघ मारते. त्याच कागदावर तिनं दुपारी काय खाल्लं, रडली का, छातीला हात लावला तर कसं लागलं, हे लिहिते. वाईट असलं तरी लिहिते. कालच्या खाली लिहिलंय: जेवली दीड भाकरी, रडली न्हाई, शेजारच्या पोराला चिमटा काढला.

काल सकाळी पहिली गोळी गेली तवा मी लेकाला भक्तीचा फोन लावायला लावला. तो म्हणला मी बोलतो. मी म्हणलं न्हाई. फोन मी कानाला धरला अन् सांगितलं, भक्ती, गिळली, अख्खी. मला पलीकडचं एक अक्षर ऐकू आलं न्हाई. तरी फोन खाली ठेवला न्हाई, कारण ती बोलत होती. आवाज न्हाई आला तरी फोन कानाला थरथरत होता, लय वेळ.

ती काय बोलली ते तिला विचारून मला लिहा.

बायनाबाई